रविवारची दुपार आणि काउंटर नंबर 3

पत्र, थोडक्यात:

"वय 46. सरकारी बँकेत 2004 साली क्लार्क म्हणून लागलो. सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काउंटर नंबर 3 वर आहे. पासबुक, केवायसी, आरटीजीएसचे फॉर्म, पेन्शनवाल्यांच्या तक्रारी. घरकर्जाचे अजून 7 वर्षांचे हप्ते आहेत, मुलगी यंदा बारावीला. पगाराबद्दल तक्रार नाही. पण रविवारी दुपारी जेवण झालं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. वाटतं, उद्या मी नसलो तर सोमवारी तिथे दुसरा कोणी बसेल आणि कोणाला कळणारही नाही. मित्राने जपानी 'इकिगाई'चं, म्हणजे जगण्याचं कारण शोधायचं, चार वर्तुळांचं चित्र पाठवलं. तीन रात्री भरत बसलो, मधला भाग रिकामाच राहिला. गावाकडे माझ्या वाट्याची 3 एकर जमीन आहे, सध्या भाऊ कसतो. नोकरी सोडून सेंद्रिय शेती करावी का? गेल्या वर्षभरात एकदाच बरं वाटलं. एका आजींचे मालक गेले होते, त्यांची एफडी अडकली होती, ती सोडवून दिली. त्या दिवशी जेवण गोड लागलं. बाकी सगळे दिवस सारखेच."

नमस्कार,

पत्रातलं एक वाक्य आधी घेतो. 'उद्या मी नसलो तर.' याचे दोन अर्थ होतात. माझी बदली झाली तरी कोणाला फरक पडणार नाही, हा एक. आणि मी या जगातच नसलो तर, हा दुसरा. दुसरा अर्थ मनात असेल, अगदी अधूनमधून डोकावत असेल तरी, हे उत्तर बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन लावा. ही टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आणि आजच बायकोला सांगा, 'थोडं टेन्शन आहे' असं गुळमुळीत नको, जे वाटतंय ते तसंच.

पहिला अर्थ असेल तरी एक तपासणी करायचीच. सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय का? पहाटे जाग येऊन परत डोळा लागत नाही, भूक गेली आहे, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टीही नकोशा झाल्या आहेत, असं आहे का? तसं असेल तर आधी डॉक्टर, मग पुढे सांगितलेली वही. थायरॉईड, बी-12 आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. विशेषतः शाकाहारी असाल तर बी-12 कमी असणं अगदी नेहमीचं, आणि त्याचा थकवा माणूस वर्षानुवर्षं 'नोकरीचा कंटाळा' म्हणून अंगावर काढतो. हे आधी करायचं कारण साधं आहे. मन आजारी असलं की कुठलंही काम पोकळच वाटतं. आज काउंटर पोकळ वाटतोय, उद्या बांधावर उभं राहून शेतही तसंच वाटेल, आणि तोवर पगार गेलेला असेल.

तुम्हाला जेवण गोड लागलेला दिवस आठवतो, ही चांगली खूण आहे. पण एका खुणेवर भागवू नका, तपासून घ्या.

आता ते चार वर्तुळांचं चित्र. ते भरलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका, कारण ते मुळात जपानी नाहीच. आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाने 'उद्देश' या नावाने ते काढलं होतं. 2014 मध्ये मार्क विन नावाच्या ब्रिटिश ब्लॉगरने मधला शब्द खोडून तिथे 'इकिगाई' घातलं आणि ते जगभर फिरलं. जपानमध्ये या विषयाचा गंभीर अभ्यास केला तो मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. नागाशिमाच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यांनी काम केलं आणि 1966 मध्ये पुस्तक लिहिलं. त्या वसाहतीतल्या माणसांना 'तुम्हाला याचे पैसे मिळतात का' असं विचारण्यात काय अर्थ होता? चित्रात मात्र ते एक अख्खं वर्तुळ आहे. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा हे चारही एकाच कामात सापडलं पाहिजे, ही अट घातली की बहुतेकांचा मधला भाग रिकामाच राहणार.

रविवार दुपारचा तो दगडही नीट बघू. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आठवड्याची धावपळ थांबली की जाणवणाऱ्या पोकळीला 'रविवारचा न्यूरोसिस' असं म्हटलं होतं. पण सोमवारची धास्ती ही वेगळी गोष्ट आहे. तुम्हाला यातलं काय होतं? मागची लांब रजा आठवा, लग्नकार्य असेल किंवा देवदर्शनाला गेला असाल. चौथ्या दिवशी दुपारी कसं वाटत होतं? बरं वाटत होतं आणि परतीच्या गाडीत दगड आला, तर दुखणं बँकेत आहे. रजेतही तसंच वाटत होतं, तर बँक सोडून ते जाणार नाही.

हे आठवून ठरवू नका, लिहून ठरवा. 100 पानी साधी वही घ्या, खिशात मावेल अशी. 14 दिवस, दोन्ही रविवार धरून. दिवसाला तीनच नोंदी. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: वेळ, काय केलं, ते कोणासाठी होतं, आणि नंतर अंगात जोर वाढला की उतरला, म्हणजे अधिक किंवा उणे. बस.

यात लोक कुठे चुकतात ते सांगतो. पहिली चूक म्हणजे रात्री झोपताना तिन्ही नोंदी एकदम लिहायच्या. दिवस संपलेला, माणूस दमलेला, मग सगळंच उणे दिसतं. काम झाल्यावर 10 मिनिटांच्या आत लिहा, चहाच्या वेळी, डे-एंड झाल्यावर, बसमध्ये. दुसरी चूक म्हणजे 'कंटाळवाणं काम' असं लिहायचं. हे क्रियापद नाही. '11 जणांची पासबुकं छापली, प्रिंटर दोनदा अडकला' असं लिहा. मग कळतं की राग पासबुकावर नाही, प्रिंटरवर आहे. असे उणे वाटतात त्याहून बरेच असतात. तिसरी चूक सर्वांत मोठी. 'कोणासाठी' या रकान्यात 'बँकेसाठी' किंवा 'ग्राहकांसाठी' लिहून मोकळं व्हायचं. तिथे माणूस लिहायचा. 'केवायसीला आलेला ऊसतोड मजूर, अंगठा उमटत नव्हता.' माणूस दिसलाच नसेल तर 'दिसला नाही' असं लिहा. तो रकाना पुढे उपयोगी पडणार आहे.

14 दिवसांनी 42 नोंदी होतील. फक्त उणे वाचा आणि तीन ढीग करा. शीण, म्हणजे झोप, गर्दी, बिघडलेली मशीनं, माणसं कमी. अधिकार, म्हणजे साहेबांनी विचारलं नाही, बोलणी बसली, टार्गेटसाठी गळ्यात नको ती विमा पॉलिसी मारावी लागली. आणि तिसरा ढीग 'दिसला नाही'वाला, काम झालं पण कोणापर्यंत गेलं ते कळलंच नाही. तिन्ही ढिगांना आपण 'आयुष्याला अर्थ नाही' असं एकच नाव देतो. औषध मात्र तिन्हींचं वेगळं. पहिल्याला रजा आणि झोप लागते. दुसऱ्याला बदलीचा अर्ज, युनियन किंवा साहेबांशी सरळ बोलणं. विमा गळ्यात मारल्याची टोचणी असेल तर ती टोचणी बरोबर आहे. ती घालवण्यासाठी ध्यानधारणा करू नका.

पत्रावरून आमचा अंदाज असा की तुमचा तिसरा ढीग मोठा निघेल. म्हणून त्यावर जरा थांबतो.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात देणग्या मागणारे फोन करणाऱ्यांवर अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, 2007 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कंटाळवाणं काम, पलीकडून बहुतेक वेळा नकार. त्यातल्या काही जणांची त्याच पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी 5 मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. काम तेच, पगार तोच, फक्त पैसा कोणाकडे जातो ते एकदा डोळ्यांनी दिसलं. त्याआधी 2001 मध्ये एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. एकाच पदावरचे काही जण 'झाडलोट करतो' म्हणत. काही जण स्वतःला रुग्ण बरा होण्याच्या कामातले समजत आणि त्याप्रमाणे कामाचा क्रम, बोलणं, थोडं जास्तीचं काम स्वतःच बदलून घेत. कोणी त्यांना बढती दिली नव्हती.

तुमच्याकडे त्या आजी आहेत. वर्षभरातला एकच अधिक, आणि तो डेथ क्लेमचा, म्हणजे खातेदार गेल्यावर त्याच्या पैशांसाठी घरच्यांनी केलेल्या दाव्याचा. हा योगायोग समजू नका. पासबुकाचं काम 2 मिनिटांत संपतं आणि माणूस निघून जातो. डेथ क्लेमला सुरुवात असते, अडथळे असतात, शेवट असतो, आणि शेवटी समोर एक माणूस उभा असतो. शिवाय तो सोडवायला 22 वर्षांची मुरलेली नजर लागते. एफडीवर 'सुमनबाई', आधारवर 'सुमन', मृत्यूच्या दाखल्यात मधलं नाव चुकलेलं. नॉमिनी लावलेला असताना वारसाचा दाखला आणा म्हणून कोणीतरी परत पाठवलेलं. तिसऱ्या खेपेला माणूस येईनासा होतो. 10 वर्षं उलटली की ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. तिथूनही मागता येतात, पण खेड्यातल्या बाईला हे सांगायचं कोणी? कागद पूर्ण आल्यावर नॉमिनीचा दावा 15 दिवसांत निकाली काढायचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. अडतं ते 'कागद पूर्ण' या दोन शब्दांपाशी. आणि तिथेच तुमची जागा आहे.

तर मागणी अशी करायची: शाखेतले डेथ क्लेम आणि नॉमिनीचं काम माझ्याकडे द्या. आठवड्याला 2 तास, मंगळवार आणि गुरुवार, दुपारी 3 ते 4. सोमवार नको, पेन्शनचा पहिला आठवडा नको, सुट्टीनंतरचा दिवस तर अजिबात नको. मुदत 6 आठवडे.

साहेबांशी बोलताना 'मला कामात अर्थ वाटत नाही' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. ऐकणाऱ्याला त्यात एक तर तक्रार ऐकू येते, नाहीतर आजारपण. असं बोला: "साहेब, डेथ क्लेमच्या फायली लोंबकळतात, तक्रारी वर जातात. 6 आठवडे मी बघतो. त्या दोन तासांत पासबुकाची रांग अमुक सांभाळेल, तिच्याशी बोललोय, बदल्यात शुक्रवारी तिचा स्कॅनिंगचा गठ्ठा मी करेन. सही-मंजुरी तुमचीच." अदलाबदल आधी ठरवून गेलात तर साहेबांना फक्त 'बरं' म्हणायचं उरतं. 'नाही' म्हणाले तरी थांबू नका. काउंटरवर बसल्या बसल्या करता येईल अशी छोटी आवृत्ती आहे. पासबुक छापायला येणाऱ्या रोजच्या तीन जणांना विचारा, "नॉमिनी लावलाय का?" 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने पैसे घेणारा, हेही सांगावं लागतं. भावाभावांतली अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

6 आठवडे तीन आकडे लिहा. हातात घेतलेल्या फायली, निकाली निघालेल्या, आणि प्रत्येक फाईलला माणसाच्या किती खेपा झाल्या. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. चार खेपांच्या दोन झाल्या तर ते तुमच्यामुळे झालं, आणि ते कागदावर दिसतं. निकाली निघाल्यावर त्या माणसाला एकदा विचारा, "पैसे जमा झाले ना? कशाला उपयोगी पडले?" चौकशा म्हणून नव्हे. त्या प्रयोगातली 5 मिनिटं ती हीच.

एक सावधगिरी. चांगलं काम करणाऱ्याच्या गळ्यात सगळ्यांचं काम पडतं, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांवर 2009 मध्ये एक अभ्यास झाला. कामाला व्रत मानणारे लोक कमी पगार आणि गैरसोय जास्त सोसतात, आणि वरचे लोक त्याचा फायदा घेऊ शकतात, असं त्यात दिसलं. म्हणून आधीच मर्यादा सांगा. एका वेळी 6 उघड्या फायली, सातवी आली तर एक बंद झाल्यावर. आणि फाईल घरी न्यायची नाही.

आता शेती. नाही म्हणत नाही, पण आज राजीनामा देऊ नका. हा शब्दच वापरू नका, बोलताना सुद्धा. सरकारी बँकांच्या 1995 च्या पेन्शन नियमांत राजीनामा दिला की मागची सेवा बुडते, म्हणजे पेन्शन जाते. 20 वर्षं पूर्ण झाल्यावर 3 महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन राहते. 1 एप्रिल 2010 च्या आधी लागलेले म्हणून तुम्ही या जुन्या पेन्शनमध्ये बसता. पूर्ण पेन्शनला 33 वर्षांची सेवा लागते, तुमची त्या प्रमाणात बसेल. बिनपगारी रजा झाल्या असतील तर त्या वजा होऊन 20 वर्षं खरोखर भरतात का, हे लेखी विचारा. घरकर्जाला स्टाफचा सवलतीचा व्याजदर असेल, तो पुढे चालू राहतो की बाजारभावाने लागतो, हेही लेखी. तोंडी उत्तरावर कोणीही घर चालवू नये.

मग कागद घ्या. महिन्याचा घरखर्च, हप्ता, मुलीची पुढची 4 वर्षं. त्यातून अंदाजे पेन्शन वजा करा. राहिलेला खड्डा 3 एकरांनी भरायचा आहे. सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना रूपांतराचा काळ साधारण 2 वर्षांचा धरतात. त्या काळात उत्पन्न घटू शकतं आणि माल 'सेंद्रिय' म्हणून विकताही येत नाही. विहिरीला मार्चनंतर पाणी असतं का, हे भावाला विचारा. तो सध्या कसतो, त्याचं काय, हे त्याहून आधी विचारा. आम्हाला त्या 3 एकरांत हा प्रश्न सर्वांत अवघड दिसतो आणि पत्रात त्यावर एकही ओळ नाही.

पैसे न घालवता चव घ्यायची तर 8 शनिवार-रविवार द्या. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीचे शनिवार रजा टाकून किंवा फक्त रविवार धरून. सकाळी फिरून फोटो काढायचे नाहीत. खुरपणी, रात्रीची लाइट असेल तर रात्री पाणी धरणं, आणि एकदा तरी माल घेऊन पहाटे बाजार समितीत उभं राहणं. हमाली, तोलाई वगैरे कापून हातात काय पडलं ते त्याच वहीत लिहा, अधिक-उणे खुणेसकट. लोक आवडीच्या भागाची चव घेतात आणि निर्णय सगळ्याचा करतात, तिथे फसतात. 8 आठवड्यांनंतरही बाजार समितीच्या दिवशी अधिक पडत असेल, तर शेतीचा विचार पक्का समजा आणि मग आकडेमोडीला बसा.

रजेतही दगड तसाच, असं उत्तर आलं असेल, तर नोकरी आणि शेती दोन्ही सोडून तिसरीकडे बघा. सगळा अर्थ पगाराच्या कामातूनच यायला हवा असं कुठे आहे? आठवड्याचे 2 तास, ठरलेली जागा, ठरलेली माणसं, आणि एकच कसोटी: तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी फोन करून विचारेल का? बचत गटाच्या वह्या तपासून देणं, वाचनालयाचा वार्षिक हिशोब, दहावीच्या दोन मुलांचं गणित. हिशोब तुमच्या हातात बसलेला आहे, तोच वापरा. एकाच वेळी तीन ठिकाणी नाव देऊ नका. आणि पहिले 3 महिने कुठलंही पद घेऊ नका. खजिनदार केलं की माणूस काम सोडून सभेच्या नोटिसा काढत बसतो.

शेवटचं एक काम, अवघड वाटेल. बायकोला, मुलीला आणि काउंटर 2 वरच्या सहकाऱ्याला वेगवेगळं विचारा: "गेल्या वर्षभरात माझ्या कुठल्या गोष्टीने तुझं काम सोपं झालं?" 'तुम्ही चांगले आहात' हे उत्तर धरू नका, प्रसंग मागा. मुलगी हसेल आणि 'काय झालंय बाबा तुम्हाला' म्हणेल. हसू द्या, थांबा, दोन दिवसांनी ती आपणहून एखादी गोष्ट सांगेल. वहीच्या मागच्या पानावर ती तिच्याच शब्दांत लिहा.

वही कधी सुरू करायची? महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे पेन्शनची गर्दी ओसरलेली असते. फक्त नोव्हेंबर टाळा. हयातीच्या दाखल्यांची रांग दाराबाहेर गेलेली असताना 14 दिवस नोंदी केल्या तर 42 पैकी 42 उणे येतील, आणि त्यातून एवढंच कळेल की म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत.